ओसरीवर मूल उचलणे

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेले नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. तुम्ही गेल्याला पंचवीस वर्षे होत आली. या काळात मी तुमचे एकही श्राद्ध चुकवलेले नाही आणि तुमचा फोटो पेढीवर तुम्हीच ठरवून ठेवलेल्या जागी आहे. पण यांपैकी कशातही प्रेमाचा भाग नाही, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. आज दुपारी घरात शांतता आहे. माझी मुलगी, म्हणजे जिला तुम्ही शेवटपर्यंत 'ती पोर' एवढेच म्हणत राहिलात ती, आपल्या जुळ्या मुलांना दोन्ही बाजूंना घेऊन आत झोपली आहे. ती कालच भोपाळहून परतली. ती नसताना ही दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, माझ्या हातांत होती. हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. मूल हातांत घेणे म्हणजे काय, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळले, आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल असे मला वाटत नाही. कापसाचा हंगाम होता, तुम्ही गादीवर होता आणि ओसरीवर बहादरपूरचे दोघे शेतकरी कापसाच्या भावाची बोलणी करत बसले होते. मी मुंबईहून बी.कॉम. होऊन पेढीवर बसू लागल्याला दोन-तीन वर्षे झाली असतील. माझी मुलगी अजून वर्षाचीही नाही. ती आतून रांगत येते, कोणाकडे न पाहता सरळ ओट्याच्या कडेकडे जाते. खाली दगडी पायऱ्या आहेत. मी उठतो आणि तिला उचलतो. ती माझा चष्मा धरते, हसते, आणि मीही हसलो असेन, कारण तुम्ही बोलण्यापूर्वी क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेत. "काय रे, घरातल्या बाया मेल्या का सगळ्या?" आणि मग त्या दोघांकडे वळून, "याला मुंबईला ठेवला, पैसा घातला. शिकून काय आला, तर पोरं खेळवायला." ते दोघे हसले. तुम्ही हसला नाहीत. "खाली ठेव तिला. चार माणसं बसली आहेत." मी तिला खाली ठेवले. तिने पुन्हा कडेकडे रांगायला सुरुवात केली तेव्हा माझ्या आईने आतून येऊन तिला एका दंडाला धरून उचलून नेले. तुम्ही बोलणी पुढे सुरू केलीत.

वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल उचलू नये ही रीत मला ठाऊक नव्हती असे नाही. आजोबांसमोर तुम्हीही मला कधी घेतले नसणार. मूल आपले आहे हे सगळ्या गावाला माहीत असताना ते आपले नाही असे दाखवण्यात कोणती मर्यादा राखली जाते, हे मात्र मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. बहुतेक घरांत ही रीत सैल होती. थोरले समोरून गेले की बाप मुलाला घेत, थोरले आले की खाली ठेवत, आणि थोरलेही येण्याआधी खाकरत. तुम्ही खाकरत नव्हतात. तुम्ही दबक्या पावलांनी येत असा, आणि एखाद्या दिवशी काही पाहिलेच तर ते जेवताना सगळ्यांसमोर काढत असा. रीत तुम्ही पाळली नाहीत, तुम्ही ती माझ्यावर चालवलीत.

नदीवरच्या राजघाटावरून परत येण्याचा दिवसही लिहितो, कारण त्या दिवशी जे झाले ते पुन्हा दुरुस्त झाले नाही. ती तेव्हा चार वर्षांची. पर्वणीचे स्नान करून आपण परतत होतो, ऊन चढले होते, आणि तिच्या चपलेचा पट्टा तुटला. वाटेवरचे दगड तापलेले. तिने एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला आणि माझ्यासमोर दोन्ही हात वर केले. मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही पुढे चालला होतात, पण थांबून मागे वळून उभे राहिलात आणि वाट पाहू लागलात. मी गड्याला हाक मारून तिला त्याच्या खांद्यावर दिली. त्यानंतर तिने माझ्यासमोर हात वर केल्याचे मला आठवत नाही. मुलांना एखादी गोष्ट एकदाच सांगावी लागते, असे तुम्ही म्हणत असा. याबाबतीत तुमचे खरे ठरले.

आता या महिन्यातले. तुमच्या मागे राज्ये मोडली आणि नवी जुळवली गेली. नागपूरची राजधानी गेली, भोपाळ आले, आणि सचिवालयातील माणसांचीही वाटणी झाली. काही मुंबईकडे, काही भोपाळकडे. आमचे जावई भोपाळच्या वाट्याला आले. राहायला जागा मिळेपर्यंत मुलगी आणि मुले आमच्याकडे, असे ठरले होते. अशात तिथून तार आली की जावयांना विषमज्वर झाला आहे आणि पाहायला कोणी नाही. तुमच्या सुनेचा उजवा हात न्हाणीत घसरून मोडलेला, कोपराच्या वर प्लास्टर. मुलगी स्वयंपाकघरात कपड्यांची वळकटी बांधत होती.

"दोघांनाही घेऊनच जाते," ती म्हणाली.

"एका खोलीत चार कारकून, त्यात तापाचं माणूस, आणि तू आठ महिन्यांची पोरं नेणार?" तिची आई म्हणाली. "अंगावरचं पुरत नाही, वरचं दूध तिथं कोण आणून देणार तुला?"

"मग काय करू? तुझा हात धड असता तर ठेवून गेले असते."

मी दारात उभा होतो. "मी आहे ना," म्हणालो.

ती हसली. तिला हसू आवरले नाही म्हणून हसली, एवढेच. "बाबा, तुम्ही?" मग तिने हातातली वळकटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिले. "रागावू नका हो. पण तुम्ही मला कधी उचलल्याचं मला आठवत नाही. एकदासुद्धा. म्हणून विचारते, जमेल तुम्हाला?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. स्टेशनावर हमालाला ओझे दाखवून विचारतात तसे तिने विचारले. मी त्या क्षणी तुमचे नाव घेऊ शकलो असतो. घेतले नाही, कारण मेलेल्या बापाच्या मागे दडणारा पन्नाशीचा माणूस तिने पाहावा अशी माझी इच्छा नव्हती. मी फक्त "जमेल" म्हणालो. तिने आईकडे पाहिले, आईने मान हलवली, आणि त्या मान हलवण्यावर विसंबून ती गेली. माझ्यावर विसंबून नव्हे. टांगा वळेपर्यंत ती मागे वळून ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे पाहत होती.

मला जमत नव्हते, हे सांगायला हरकत नाही. मी नातीला अंगापासून दूर, दोन्ही हात लांब करून धरत असे. "लोणच्याची बरणी आहे का ती?" तुमची सून खाटेवरून म्हणाली. "छातीशी घ्या. घाबरताय कशाला, ती तुम्हाला खात नाही." बोंडल्याने दूध पाजताना निम्मे माझ्या सदऱ्यावर. मी दोघांच्या दुधाच्या आणि झोपेच्या वेळा ठरवून दिल्या. दोघांनीही त्या मानल्या नाहीत. तुळईला दोन झोळ्या टांगलेल्या होत्या. एकाच ओढीत दोन्ही हलाव्यात म्हणून मी त्या एका दोरीने जोडल्या आणि या युक्तीवर खूशही होतो. परिणाम असा झाला की मुलगा उठून हातपाय झाडू लागला की दोरीने मुलीची झोळी हिसके खाई, आणि तीही उठे. "मुंबईची विद्या," तुमची सून म्हणाली आणि डाव्या हाताने दोरी सोडू लागली. ती हसत होती. एवढ्या वर्षांत आमच्या दोघांत मुलांवरून हसणे झाले नव्हते, हे मला तेव्हा ध्यानात आले. तेही तुमच्या नावावर मांडतो.

हळूहळू हात सरावले. मुलगा खांद्यावर शांत होतो आणि मुलीला समोर तोंड करून, जग दिसेल असे धरावे लागते, हे मला तुमच्या सुनेने सांगितलेले नाही, मला समजले. आणि एका सकाळी मी पेढीवर जायला निघालो असता नातीने सतरंजीवरून माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. मी मागे वळून पाहिले, दादा. तुम्ही कुठे उभे आहात का, हे पाहिले. माझ्या वयाच्या माणसाने, नातवंडे असलेल्या माणसाने, रिकाम्या ओसरीकडे पाहून खात्री करून घेतली आणि मग तिला उचलले. यासाठी मी तुम्हाला क्षमा करणार नाही.

त्याच दिवशी दोघांना घेऊन ओसरीवर बसलो होतो, तेव्हा बहादरपूरचे ते आले. त्या दोघा शेतकऱ्यांतले धाकटे. आता म्हातारे झाले आहेत, कापूस कमी केला, केळी लावली आहेत. त्यांना पायऱ्या चढताना पाहिले तेव्हा आत न्यायला कोणी असते तर मी मुलांना आत पाठवले असते.

"राम राम शेठ. नातवंडं का? जुळी दिसतात."

"हो."

"द्या एक इकडं. दोन दोन धरून बसलात एकटेच." त्यांनी मुलाला मांडीवर घेतले, त्याने त्यांची मिशी धरली, आणि मिशी सोडवत ते बोलत राहिले. "आता आपण भोपाळवाले झालो म्हणे. नागपूर तरी कुठं जवळ होतं."

मला राहवले नाही. मी विचारले, "याच ओसरीवर मी मुलीला उचललं म्हणून दादा मला बोलले होते. तुम्ही समोर होता. आठवतं?"

त्यांनी खरोखर आठवून पाहिले. "बोलले असतील. तुमचे दादा कोणाला बोलले नाहीत? त्या दिवशी मला भाव काय दिला ते सांगा, ते आठवेल."

ते मोकळेपणाने हसले, आणि त्यांच्या हसण्याने मुलगाही हसला. ज्या माणसाच्या हसण्याला भिऊन मी माझ्या मुलीला खाली ठेवले, त्याला ते हसणे आठवत नव्हते. त्यांना दोष नाही. दुसऱ्याच्या घरातले असे प्रसंग लक्षात ठेवायला माणसे बांधलेली नसतात. पण तुम्ही मला चार माणसे म्हणून ज्यांची भीती घातलीत, ती चार माणसे इतकीच होती. एक मेला, एक विसरला, तिसरे तुम्ही. चौथा माणूस कोण, हे मी अजून शोधतो आहे.

जावयांचा ताप उतरला आणि मुलीचे कार्ड आले की दुपारच्या गाडीने येते. काल दुपारी मोठ्या कष्टाने दोन्ही मुले झोपली होती. तुमच्या सुनेने मला खुणेने गप्प बसायला सांगितले आणि ती स्वतःही खाटेवर पडली. गल्लीच्या तोंडाशी टांग्याची घंटा वाजली. थोड्या वेळाने मुलगी दारात उभी राहिली, हातात पिशवी, चेहरा उतरलेला, आणि तिने मला पाहिले. नात माझ्या हातांत होती, समोर तोंड करून, जशी धरायला हवी तशीच, आणि मोठ्याने रडत होती.

"झोपली नाहीत वाटतं?" मुलीने विचारले.

"आत्ताच उठली," मी म्हणालो.

तिने पिशवी टेकवली, नातीला माझ्याकडून घेतले आणि तिचे डोळे पुसता पुसता मला म्हणाली, "जमलं की बाबा तुम्हाला." इतकेच, आणि ती आत गेली. तुमच्या सुनेने खाटेवरून माझ्याकडे पाहिले आणि कूस बदलली.

हे पत्र पाठवायला जागा नाही आणि असती तरी पाठवले नसते. वर तुमच्याविषयी जे लिहिले त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. एक गोष्ट मात्र मुलीला सांगितलेली नाही, सांगणारही नाही, म्हणून इथे लिहितो. नात उठली नव्हती. घंटा ऐकून मीच तिला झोळीतून काढले.