गुरुवारी भिवा ठीक होता

कासारवाडी, रविवार

चि. साक्षीस,

मामाचा सप्रेम जयभीम. (लॅटिन शिकणारी आपल्या घरात तू पहिलीच, म्हणून आणखी एक जयभीम.) मेसची डाळ पातळ असली तरी पोटभर जेव. मी बरा आहे असं समज.

दिवाळीत तू सांगितलेलं 'फ्लुएरे' मी चाकणच्या कंपनीत सगळ्यांना ऐकवलं. फ्लुएरे म्हणजे वाहणे, मुळात म्हणे फुगून उतू जाणे. ज्याच्याकडे वाहत येतं तो अ‍ॅफ्ल्युएंट, म्हणजे आमचे मालक. बाहेर वाहतं ते एफ्ल्युएंट, म्हणजे माझ्या प्लांटवर येणारं घाण पाणी. ताऱ्यांतून माणसात उतरतो तो इन्फ्लुएन्स, इन्फ्लुएन्झाचा ताप त्याच घरातला. काठावरून सांडतं ते सुपरफ्लुअस, म्हणजे जास्तीचं. (मीटरवरचा 'फ्लो' मात्र नात्यातला नाही, नुसता तोंडवळा सारखा.) माझ्या हाताखालचा भिवा, निघोज्याचा, पन्नाशीचा, हसून म्हणाला, "व्हय दादा, म्हंजी सुपरफ्लुअस आमी!"

आता ऐक. आमच्याकडे रजिस्टर सोमवारीच शनिवारपर्यंत भरून टाकतात, दिवसाला एक पान. पाणी स्वच्छ, भिवा टाकीत उतरला, मास्क लावला, तब्येत ठीक. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. बुधवारी भिवा गाळ काढायला मास्कशिवाय उतरला (मास्क कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब लोणावळ्याला) आणि खालच्या गॅसनं तिथंच गेला. मी फार रडलो गं. आणि माझ्याच सुवाच्य अक्षरात तो गुरुवारी पुन्हा उतरलाय, शुक्रवारीही, मास्क लावून, आणि शनिवारी तब्येत ठीक. असा गुणी कामगार कंपनीला परत मिळायचा नाही.

उद्या चौकशीला सरकारी माणसं येणार. साहेब म्हणतात, बुधवारचं पान राहू दे, पुढची तीन जाळून टाक. मग मास्क दिला होता, माणूस हार्ट अटॅकनं गेला, आणि माझी नोकरी राहिली. भिवाची बायको गवराबाई रोज गेटवर येऊन बसते. "दादा, मास्क दिलावता का न्हाई, येवढंच सांगा." मी मान खाली घालून कार्ड पंच करतो. लाज वाटते.

तुझा,
कोंडीराममामा

ता. क. चकल्या पाठवायच्या राहिल्या. पाकीट जड लागलं म्हणून आशा लावू नकोस.

ता. क. २. साहेबांचं ऐकलं, पानं फाडली. जाळली नाहीत. तिन्ही या पाकिटात आहेत, वहीत जपून ठेव. उद्या सगळं खरं सांगायचं ठरवलंय. पण मी मामाला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो. त्याची जीभ कचरली, तर ती पानं गवराबाईला नेऊन दे.