बाबांचा एकच शब्द

१७ मे १८९६, रविवार

पुन्हा तोच शब्द! सकाळपासून अकरा वेळा. "रिगवेल्टेड." झटका आल्यापासून बाबांच्या तोंडात एवढा एकच शब्द उरलाय. बाकी सगळे गेले — माझं नावसुद्धा. जन्म मेंढ्यांमागे घालवला, तर राहिला तोही मेंढीचाच शब्द! लोकर वाढून जड झालेली मेंढी लोळता लोळता उताणी पडते, चारी पाय वर, आणि मग काही केल्या तिला उठता येत नाही. ती रिगवेल्टेड.

बाबाही चुलीपाशी खाटेवर तसेच पडलेत, म्हणून म्हणतात बिचारे. म्हटलं की मी धावते, कुशीवर वळवते, उशी लावते. तरी डाव्या हाताने माझ्या बरगडीत ढोसतात. तो एकच हात चालतो, पण आज मी कळवळले. "मला कशाला मारता हो?" असं ओरडले. मग माझी मलाच लाज वाटली.

१९ मे

पाद्रीसाहेबांच्या बहिणीचं पत्र! व्हिटबीला तिची मुलींची शाळा आहे, मास्तरीण हवीय. राहायला खोली, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. हो की नाही ते तीस तारखेच्या टपालाने कळवायचं.

किटदादाला सांगितलं. ओटची भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आणि बाबांचं कोण करणार? तुझी वहिनी? तिची पाठ बघ." वहिनीने लगेच पाठ धरली! वर म्हणते, "बिनलग्नाच्या बाईला घर सोडून जायची एवढी कसली हौस?" चौतीस वर्षांची आहे मी. चौतीस! भांडी घासली.

२२ मे

दूध, चूल, बाबा. दूध, चूल, बाबा.

२५ मे

वरच्या कुरणात मेंढी उताणी सापडली. कावळे भिंतीवर येऊन बसलेच होते — मेले आधी डोळे काढतात. बरगडीत हात घालून जोरात ढोसा दिला, तेव्हा उलटली. पण उठली म्हणून लगेच सोडायचं नसतं. मी सात वर्षांची असताना बाबांनीच शिकवलंय. "धरून ठेव, एस्तर. पायांत रक्त येऊ दे. घाई केलीस तर पुन्हा पडेल."

लोकर मुठीत घट्ट धरून उभी राहिले. सोडल्यावर जी धूम पळाली, मागे वळूनही बघितलं नाही. मेंढीचा हेवा वाटला. मेंढीचा!

२७ मे

पाद्रीसाहेब आले होते. हल्ली त्यांना गावठी शब्द जमवायचा नाद लागलाय. बाबांचा शब्द ऐकून असे हरखले, जसा काही पुरलेला हंडाच सापडला. म्हणाले, हजार वर्षांपूर्वी नॉर्स लोक समुद्र ओलांडून आले, त्यांच्या बोलीतला हा. 'रिग' म्हणजे पाठ, 'वेल्ट' म्हणजे उलटणं. "माणसांनाही म्हणतात का हो, मिस ऑल्डरसन?"

"म्हणतात की! जत्रेहून येताना किटदादा झिंगून खड्ड्यात पडला होता, तेव्हा अख्खं गाव म्हणत होतं."

बाबा हसले! तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे बघून खाटेवर हात आपटायला लागले. "रिगवेल्टेड! रिगवेल्टेड!" मी धावत जाऊन कुशीवर वळवलं, तर रडायलाच लागले. काय चुकतंय माझं? कोणी सांगेल का?

जाताना पाद्रीसाहेबांनी दारात विचारलं, "मग, व्हिटबीचं काय?" म्हटलं, नाही जमायचं.

२९ मे

नकाराचं पत्र लिहिलं. चार ओळी, आणि त्याला तीन कागद वाया. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, दिवसभर काही खाल्लं नाही. मीही नाही.

३० मे, शनिवार

टपालवाला यायच्या आधी पुन्हा, "रिगवेल्टेड." आज उशीला हात लावला नाही. विचारलं, "कोण, बाबा? तुम्ही?"

मान हलवली. नाही!

मग तोच डावा हात, माझ्या बरगडीत. ढोसा.

मी उठले, पत्र चुलीत टाकलं. पाय लटपटायला लागले. बाबांनी माझी बाही मुठीत धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग सोडली.