अक्काने निवडलेली ज्वारी

४ नोव्हेंबर १९७३
ठमी सकाळपासून गॅलरीच्या कोपऱ्यात. मान आत ओढलेली, पिसं फुगलेली. अक्काने ज्वारी पुढे केली. चोच लावली, सोडून दिली. नऊ वर्षांची कोंबडी, अंडी बंद होऊन दोन वर्षं झाली. उधन्याचं अंगण सोडून या दुसऱ्या मजल्यावर आलो त्याला पाच महिने. इथली फरशी अक्का तीनदा पुसते. ठमीच्या पायांना आता अजिबात धूळ नसते.

७ नोव्हें.
शाळा सकाळची. शिकवून दुपारी घरी. अक्का ताट घेऊन खिडकीशी बसते, आधी आपले तांदूळ, मग ठमीची ज्वारी. एक खडा राहू देत नाही. उन्हाचा पट्टा ताटावरून सरकतो, तिची बोटं सरकतात, माझे डोळे मिटत जातात. बहीण की आई, त्या अर्ध्या झोपेत ठरत नाही.
खालच्या जशुबेन डोकावल्या. "मासी, आ मरघी छे के सासू?"
अक्का : "सासू बोलते. ही बोलत नाही."

११ नोव्हें.
ठमीच्या विष्ठेत आख्खे दाणे. अक्काने बोलावून दाखवले. "जसे घातले तसेच, बाळू. म्हणजे पोटाने घेतलंच नाही." गळ्याखालची पिशवी फुगून टणक. टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "उंमर थई गई, साहेब."
येताना तापीवर धुकं. पूल अर्धाच दिसत होता. टोपलीत काही हलत नव्हतं, तरी जड.

१३ नोव्हें.
"माझं काही चुकलं का रे?" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.
हा प्रश्न तिने सासरहून आणला. घासात खडा लागला की भाऊजी ताट भिरकवायचे. भिंतीवर आमटीचा डाग. तो तिनेच पुसायचा. भाऊजींना जाऊन अठरा वर्षं झाली. अजून ताटावर वाकते तेव्हा खांदे किंचित वर असतात, कुणी मागे उभं असल्यासारखे.

१६ नोव्हें.
स्वप्न. नदी आटलेली. ठमी वाळूतून चाललेली, पाय बुडत नव्हते. थांबून काहीतरी टिपायची, मान वर करायची. मी हाक मारली तर आवाज उधन्याच्या यंत्रमागांचा, खट खट खट. जाग आली तेव्हा अक्का तिला चमच्याने पाणी पाजत होती.

१८ नोव्हें.
ठमी सकाळी गेली. अक्काच्या मांडीवर. एकदा पाय ताणले, बस.
इथे पुरायला माती नाही. अक्काच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून उधन्याला नेली. जुन्या खोलीमागे खड्डा खणला. शेजारच्या येसाबाई आल्या. पिल्लू होतं तेव्हा ठमी त्यांनीच दिली होती. गळ्याखाली बोटांनी दाबून पाहिलं. दाणाच दाणा. काय घालत होता, विचारलं. ज्वारी, म्हटलं. स्वच्छ, निवडलेली. येसाबाई हसल्या, मग हसू गेलं.
"कोंबडीले दात नही ऱ्हातस, मास्तर. खडाच तिना दात."
म्हणजे खडे पोटात राहतात, दाणा तिथे दळला जातो. उधन्याच्या मातीत ती आपले आपण टिपायची. ते होते तोवर चाललं. हळूहळू झिजले. नवे मिळाले नाहीत.
पोट भरलेलं असताना उपाशी.

त्याच दिवशी, संध्या.
अक्का : "काय म्हणाल्या येसाबाई?"
"वय झालं होतं म्हणाल्या."
तिने मान हलवली. ताट धुऊन पालथं घातलं.

२२ नोव्हें.
वर्गात कविता शिकवताना मधेच थांबलो. पुढची ओळ समोर होती, वाचता येत नव्हती. मुलं वाट बघत राहिली.
अक्का जेवत नाही. वाढते मात्र.

२५ नोव्हें.
येसाबाईंच्या नवऱ्याने सकाळी घरी तलंग आणून दिली. तांबूस, चपळ, अजून अंड्यावर न आलेली. मी नको म्हणेपर्यंत अक्काने तिला उचललं होतं. "हलकी आहे रे. कापसासारखी." अक्का आठवड्यात प्रथमच पोटभर जेवली. दुपारी ताट घेऊन खिडकीशी.

२७ नोव्हें.
नदीकाठचे बारीक खडे मूठभर आणले. ज्वारीच्या डब्यात मिसळले.
दुपारी अक्काने ते सगळे वेचले. पुडी बांधून माझ्या हातात दिली. "दुकान बदल. हा माणूस लबाड आहे."

२९ नोव्हें.
गॅलरीच्या कोपऱ्यात वाळू पसरली. शाळेतून आलो तर ओल्या फडक्याने पुसलेली. फरशीत आकाश दिसत होतं. "कुठून येते रे ही रेती? वाऱ्याने?"
वाऱ्याने, म्हटलं.
दोनदा खोटं बोललो. तिसऱ्यांदा बोलायची वेळ आली तर तलंगही जाईल. खरं बोललो तर

२ डिसेंबर
रविवार. ऊन मऊ. तलंग ताटाभोवती फिरत होती. अक्काने वेचलेल्या खड्यावर तिने चोच मारली. अक्का : "हाड, ते नाही."
मी समोर जाऊन बसलो. म्हटलं, अक्का, तिला खाऊ दे. कोंबड्यांना खडे लागतात. दाणा दळायला.
हात थांबले. खाली जशुबेन कुणाला तरी हाका मारत होत्या. अक्काने खड्यांची ढिगली बोटाने पुढे सरकवली. तलंगने एक टिपला, मान वर केली, गिळला. दुसरा. आम्ही दोघं बघत होतो.
अक्का, ताटाकडेच पाहत :
"ठमीला पण लागत असतील?"