‘येतो’ म्हणून निघालो होतो

रविवार, संध्याकाळ. पापाटोएटो, नवी खोली.

पेनरोजच्या जुन्या घराची किल्ली परत द्यायला गेलो, तर तिथे माझ्यासोबत राहणाऱ्या पंक बँडवाल्या पोरांनी माझं ताट मांडलेलं. गेल्या रविवारीही मांडलं होतं म्हणे. हिरव्या केसांची टेस मला काका म्हणते, मीच शिकवलं. म्हणाली, “काका, ‘आय विल कम’ म्हणून गेलास. तुझ्यासाठी थांबलो, भात गार झाला.”

काय सांगणार? घर सोडताना ‘जातो’ कसं म्हणायचं? सवयीने ‘येतो’ म्हणालो, तेही इंग्रजीत. समजावलं, तर म्हणते, “म्हणजे यायचं नव्हतंच?”

जेवायला बसलो. ताटात माझ्यापुरती बिनकांद्याची डाळ होती.

शांतपणे जप व्हावा म्हणून ही खोली घेतली. तिकडे भिंतीपलीकडे ड्रम वाजायचे, तरी जप व्हायचा. इथे आल्यापासून माळ हातात घेतो आणि खाली ठेवतो. आज तर ते ताटच डोळ्यांपुढे.

निघताना टेस दारापर्यंत आली होती. “तुझी खोली अजून कुणाला दिली नाही. परत येतोस?”

“बघतो,” म्हणालो.

“हे तुमच्याकडे ‘हो’ असतं की ‘नाही’?”

आमच्याकडे बहुतेक ‘नाही’च असतं. पण तिला तसं सांगवेना.