मूठभर तांदूळ

आई, इथे परदेशात, हॅरिस पार्कच्या या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत मदुराईची एक नर्स राहते. मी तिला अक्का म्हणते. भाताचे तांदूळ मोजून घेतले की ती त्यातले मूठभर उचलून ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. तिच्या आईच्या घरी रोज असंच करायचे. ती मूठ दुसऱ्याच्या पोटासाठी. डबा भरला की रविवारी दुपारी ती आसपासच्या नव्या विद्यार्थ्यांना सांबार-भाताला बोलावते. मुलं तिच्याभोवती बसून घरच्या गोष्टी सांगतात आणि शिफ्टवरून दमून आलेली अक्का गुणगुणत भांडी घासते. मला तिचा हेवा वाटतो. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, लोकांसाठी काहीतरी करायचं म्हणत इथवर आले, आणि सुखी मात्र ती.

मग मीही एक डबा ठेवला. तो भरायला महिना लागला. गेल्या रविवारी मी मसालेभात केला. मुलं पोटभर जेवली आणि निघताना म्हणाली, "थँक्स अक्का, मस्त झाला होता."

"मी केलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

एक मुलगी ओशाळली. "सॉरी दीदी."

दार लागल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "जेवले ना सगळे? मग झालं तर."

हे मी आधी ऐकलं होतं. चौथीत असताना मी माझा डबा बाकावरच्या मैत्रिणीला दिला आणि गल्लीभर सांगत सुटले. तू चार घरच्या पोळ्या लाटून आलेली. हात धुताधुता म्हणालीस, "दिलास ना? मग गप्प बस. तिलाही उद्या त्याच शाळेत जायचंय." मला वाटलं, पोळ्या गेल्या म्हणून तू चिडलीस. मी दहावीत असताना तू हे जग सोडून गेलीस, तरी इतकी वर्षं मी तुला चिकटच समजत आले.

माझा डबा मी आता घासून आत ठेवलाय. अक्का शिफ्टला गेली की माझी मूठ तिच्याच डब्यात टाकते. कुणाला सांगितलेलं नाही. पण डबा लवकर भरतोय हे तिच्या लक्षात यावं, असं रोज वाटतं. आज सकाळी तिनं तो उचलून पाहिला. मी चहा ढवळायची थांबले. तिनं तो खाली ठेवला आणि शिफ्टला निघून गेली. तेव्हा तुला लिहायला बसले.