बाहेरची कडी

२ मार्च

पोहोचलो एकदाचा! गुडघे कुरकुरत होते, पण मन शाळा सुटल्यासारखं उड्या मारत होतं. याच गावातून आमचे खापरपणजोबा पटकीच्या साथीत एकटे जिवंत बाहेर पडले. बायको, भाऊ, पोरं, सगळी इथेच मेली. पुढे त्यांनी दुसरा संसार थाटला. त्यातलं शेवटचं पिकलं पान म्हणजे मी. त्यांचं नाकही माझ्याकडेच आलंय, मधे उंचवटा आणि टोक खाली वाकलेलं. आजोबा ते अभिमानाने चिमटीत धरायचे.

मेलेल्यांची नावं मात्र घरात कुणालाच ठाऊक नाहीत. पुतणी म्हणाली, काका, तेवढी शोधा, वंशवृक्षाला भोकं पडलीत. पटापट मरून जाणाऱ्यांबद्दल मला आदर नाही, पण ओळ गळलेली कविता मला बघवत नाही.

आजोबा सांगायचे तसा दारावर दगडात कोरलेला मासा दिसला, आणि खापरपणजोबांचं घर सापडलं. घरमालकीण शिवणकाम करते आणि तोंडात टाचण्या धरून बोलते. मागची खोली आम्ही देत नाही म्हणत होती. मी हट्ट धरला. खोली ऐसपैस आहे. दाराला कडी फक्त बाहेरून. आतून साधी खिटीही नाही. सुताराने अक्कल घरी ठेवली असावी.

४ मार्च

कचेरीतला कारकून म्हणाला, साथीच्या सालचं सगळं दप्तर वाळवीने खाल्लं. चला, या गावात वाळवीला तरी वाचनाची आवड आहे.

गावाची जलवाहिनी फुटलीय. पाणी उकळून प्या, असं भोंग्यावरून ओरडत गाडी फिरते आणि लोक मेंढरांसारखे पातेली चढवतात. मी बाईंच्या देखत नळाचं दोन पेले पाणी प्यालो. आमच्या रक्ताला पटकी लागत नाही, म्हटलं.

तेव्हा तिने या घराची गोष्ट सांगितली. साथ आली तेव्हा त्या वेळच्या घरमालकाने घरातली आजारी माणसं मागच्या खोलीत घातली, बाहेरून कडी लावली आणि गाडी जुंपून निघून गेला. आत पाण्याचा थेंब नव्हता. हाका शेजाऱ्यांना ऐकू जायच्या, पण कडी कुणी काढली नाही.

मी विचारलं, मग काय त्याने त्यांच्याबरोबर मरायचं होतं? शहाणा माणूस! मीही तेच केलं असतं.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. आजोबा, म्हणाली, असलं या खोलीत बोलू नका हो.

शिलाई मशीन चालवणाऱ्यांनी इतिहासावर बोलूच नये.

६ मार्च

दुपारी भिंतीपलीकडे पोरं कविता घोकत होती. काय ते रडगाणं! ना वृत्त, ना यती. आमच्या गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. त्या वर्गात आम्ही कसे एका सुरात म्हणायचो, खिडकीतून ऊन वहीवर यायचं... असो. मी भिंतीवर काठी आपटून ठेका धरून दिला. मग सगळी बरोबर माझ्या ठेक्यात म्हणू लागली. म्हटलं, शिकवणारा भेटला की दगडही शिकतात.

बाई म्हणते, भिंतीपलीकडे कुणी राहत नाही, मोकळी जागा आहे. बहिरी असेल.

पाण्याचा जग भरून ठेवला होता. रिकामा आहे.

७ मार्च

पोट बिघडलंय. तिच्याच स्वयंपाकाने. उलट्या. जीभ लाकडासारखी. साखर-मिठाचं पाणी आणून ठेवते म्हणते, पण मी कूस बदलेपर्यंत जग कोरडा. कामचुकार, म्हणालो. रडली.

ती कविता नव्हती. एकच शब्द. पाणी. थोरले आवाज, बारके आवाज, माझ्या ठेक्यात —

आणि भिंतीपलीकडून नाही. अलीकडून.

८ मार्च

बाई डॉक्टरला आणायला गेली. दार उघडंच ठेवते, म्हणाली.

खाटेभोवती बसलेत. डोळे आत गेलेले, ओठ फाटलेले. रडवी जमात. इतकी वर्षं झाली तरी घसा बसला नाही यांचा. गप्प बसा, म्हटलं, आणि नावं सांगा, त्यासाठीच आलोय.

सांगतात. एकेक. थोरल्यापासून. हात पेटक्याने वळतोय, लिहिता येत नाही — सगळ्यात धाकटी माझी बोटं चाटतेय, घामासाठी —

तिच्यानंतर अजून एक नाव घेतलं. माझं.

नाही. मी तुमच्यातला नव्हे. मी त्यांचा, जे वाचले त्यांचा —

दारात कुणी तरी. बाई नाही. उंच आहे. दार लोटतोय. फटीतून नाक दिसलं — उंचवटा, वाकलेलं टोक — खापरपणजोबा, मी, तुमचाच — बघा ना, नाक —

बघितलं. ते नाक मुरडलं. अगदी मी मुरडतो तसं.

कडी पडली.

दार बडवतोय. हात आपोआप त्याच ठेक्यात — मागे सगळे, एका सुरात, आणि माझाही आवाज त्यांच्या — पाणी — पा