गाठ परतल्याचं कळण्याआधी

आई,

काल प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला तू हवी होतीस. पुण्यात आम्ही तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर तयार करतोय. मेंदूतली गाठ काढली की त्याच पोकळीत तो ठेवून द्यायचा. गाठ पुन्हा धरायला लागली की त्या पोकळीत साचणाऱ्या पाण्यात बदल होतो, तो त्याला कळतो आणि तो बाहेरच्या यंत्राला इशारा देतो. अजून माणसात नाही, उंदरांवरच चाललंय. एका उंदराचा इशारा आला तेव्हा त्याचा स्कॅन स्वच्छ होता. काल स्कॅनमध्ये त्याच जागी ठिपका दिसला.

तुझी गाठ काढली तेव्हा मी दहावीत होते. केस पुन्हा उगवले, तू सिरसाळ्याच्या घरात मशीनवर बसलीस, शेजारणींचे ब्लाउज शिवायला लागलीस. एका दुपारी समोरच्या काकू ब्लाउज हातात धरून येतात. उजवी बाही डावीकडं, डावी उजवीकडं. तू बघतेस आणि हसत सुटतेस. "डॉक्टरनं डोकं उघडलंतं, तवा माझं शिवणकाम तिथंच राहिलं वाटतं!" काकू म्हणतात, "लई हसू नको बाई, टाके उसवतील." मग आपण तिघीही हसतो. तू डोळे पुसत बाह्या उसवतेस, मान वर न करता मला म्हणतेस, "कावून बघतीस अशी? बरी हाय मी." पुढच्या आठवड्यात कडा गावी मावशीच्या घरच्या लग्नात तू वरातीत नाचलीस. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी निघाली. दिवाळीला तू नव्हतीस.

हा सेन्सर तेव्हा असता तर आम्हाला आधी कळलं असतं. औषधं लवकर सुरू झाली असती, कदाचित तू माझा बारावीचा निकाल पाहिला असतास. हे मी प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलामुलींना अगदी शांत आवाजात समजावून सांगते. पण एखाद्या दुपारी चहाला उठताना अजून वाटतं, तू दारात यावंस, माझ्या हातातलं ते इवलंसं यंत्र बघून नाक मुरडावंस.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. इशारा आला की पेशंटला लगेच सांगायचं का, यावर सोमवारी बैठक आहे. सगळे म्हणतील, सांगायचंच. मीही हात वर करीन. पण तुला आधीच सांगितलं असतं, तर तू त्या बाह्यांवर तशी हसली असतीस का, वरातीत नाचली असतीस का? आई, माझं अजून ठरलेलं नाही.